लगाम

बोर्ड लावून रायले साहेब, लावा.
पन हा खड्डा कोनी केला थे इचारलं, म्हून सांगतो.

आमच्या गावाचं नाव घोडेरीठ.
घोडा कोनी पाह्यला नाही जी, माह्या आज्यानंबी नाही.
म्हशी, बकऱ्या, कुंभाराचं एक गाढव,
थेबी एका कानानं बहिरं.
तरी नाव घोडेरीठ.

टेकडीवर हे गोट्यायचे गोल, पोटात जुने मेलेले.
बकऱ्या भाईरच्या बाजूनं चरत, मधात जात नोयत्या.
आमाले वाटे, मधातलं गवत कडू असन.

डोमाजी ठवरे, माह्या बहिनीचा नवरा.
विहीर खंदताना पानी कुठं हाये
थे त्याचे बोटं सांगत, असा मानूस.
इतवारीतला कोनी त्याले म्हने,
लाल मन्याले दाम हाये, तांब्यालेबी हाये.
थो गेला. मी मांगून, कंदील धरून.

चैत होता. सब्बल मारली का जमीन वाजे.
कमरेइतकं खंदलं, तं माती राखेसारखी मऊ लागली.
मंग दात दिसले.
एवढाले दात मानसाचे नसतेत.
घोडा होता साहेब, पुरा घोडा, पाय मुडपून,
तोंडावर तांब्याचा पत्रा, हिरवा पडलेला,
कपायावर फुलं ठोकलेले,
आनि जबड्यात लोखंडी लगाम, गंजून दाताले चिपकलेला.
मानूस त्याच्या बाजूले, बारीक,
पाहुन्याच्या घरी झोपल्यासारखा कुशीवर.

तवा मले गावाचं नाव समजलं.

डोमाजी म्हने, कंदील खाली कर.
मने निंगाले वाटीभर, गुंजेसारखे लाल.
पत्रा निंगाला. लगाम निंगेना.
त्यानं जबड्यावर पाय देल्ला आनि ओढला.
कडकन वाजलं.
गंजाचा काटा तयहातात घुसला,
रगत त्यानं लुंगीले पुसलं.

इतवारीच्या मानसानं अकराशे देल्ले.
लगाम घेतला नाही.
म्हने, लोखंड किलोच्या भावानं.
थो मंग कोठ्यात खुंटीले लटकला.

आठव्या दिवसी डोमाजीच्या तोंडाले कुलूप बसलं.
पानी गयाखाली जाईना.
मान मांगं, दात दाबून, पाठ अशी वाकली
का खालून बकरीचं पिल्लू निंगून जाइन.
मेडिकलच्या डॉक्टरनं सांगतलं, धनुर्वात,
सुई घ्याले पाह्यजे होती.
बरोबर हाये जी. मी कुठं नाही म्हनतो.
बहीन म्हने, शाप हाये.
मी धनुर्वाताच्या कागदावर अंगठा देल्ला.

पन तुमी थे रात पाह्यली नाही.
थो नाकातून दम टाके, फुरफुर,
चढ चढून आल्यासारखा.
तोंडाच्या दोनी कोपऱ्यात चिरा पडल्या, सारख्याच,
जशा दोरीनं पडतेत.
आंगावर कोनाचं तरी वजन होतं.
खाट करकरे.
मले एवढंच समजलं,
का घोडा मोकया होऊन निंगून गेला
आनि धन्याले लांब जायचं हाये, आजून पोचला नाही,
त्याचं बिनघोड्याचं कसं जमन?

लगाम मी परत पुरला.
कोन्या गोलात, थे इचारू नका.

लोकं म्हनतेत, तुले काही झालं नाही.
खरं हाये.
पन मी एक इचार करतो साहेब,
एवढ्या घोड्याले खड्ड्यापाशी कोनी तरी आनलं असन ना,
मानेवर हात फिरवत, चल राजा, चल म्हनत.
त्याचं नाव तुमच्या बोर्डावर नाही,
थो कुठं पुरला थेबी कोनाले मालूम नाही.
दुसऱ्याच्या कामात उजेड धरनारा असन,
माह्यासारखा.

चैतात रातच्याले जाग येते.
कोठ्यात जातो, रिकाम्या खुंटीखाली
मूठभर भिजवलेला चना ठेवतो.
सकायी कधी असते, कधी नसते.

उंदीर असन जी.