फ्रीजमधल्या किल्ल्या

खिडकीकडे तोंड करून बसा, मी म्हणाले.
ही माझी पहिली सूचना, सगळ्यांना, ठरलेली.
स्क्रीनवर तूरग्रिम हसला:
"कुठली खिडकी? वार्दोत सूर्य आता
जानेवारी सरत आल्यावर."

मी बर्गनमध्ये, पलंगाच्या कडेला,
आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरून रजई घेतलेली.
तो तिकडे, नॉर्वेचा नकाशा जिथं संपतो
त्याच्या दोन बोटं अलीकडे.

मग आम्ही उजेड तयार केला.
मासे साफ करायच्या टेबलावरचा दिवा,
त्याच्यापुढे केक भाजायचा कागद,
कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी अडकवलेला.
फोन तीन जाड पुस्तकांवर. "नाही, अजून एक.
नाकपुड्या नकोत, डोळे हवेत."
चौथं म्हणून त्यानं बोटीच्या इंजिनाचं मॅन्युअल आणलं.
आता तो सत्तरीचा माणूस
अर्धा पिवळा, अर्धा काळोखात,
देखणा दिसत होता, आणि त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"फ्रीज बंद करा," मी म्हणाले, "गुणगुणतोय.
आणि बोटीच्या किल्ल्या आत ठेवा,
म्हणजे निघताना तो सुरू करायचं विसरणार नाही."
किल्ल्या घेऊन उठला, दाराशी थबकला.
"बावीस वर्षांचा आहे हा.
गुणगुणतो, हे मला ऑक्टोबरात कळलं."
रेकॉर्डिंग अजून सुरूच केलं नव्हतं.
मी जीभ चावली.

सुरू झालं तसा तो ताठला.
कंपनीनं पाठवलेला कागद पाठ करून आलेला:
"हे श्रवणयंत्र माझ्यासाठी वरदान ठरलं आहे."
पाच वेळा वरदान. पाचही वेळा
फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोरासारखा
छताकडे बघत.
मी म्हणाले, कागद पालथा घाला.
कुठला आवाज आधी परत आला, तेवढंच सांगा.

आणि गप्प बसले.
या धंद्यात मला खरं येतं ते एवढंच,
प्रश्नानंतर तोंड न उघडणं.
नेट अडकलंय की माणूस आत उतरलाय
हे न कळणारे अकरा सेकंद.

"बर्फ," तो म्हणाला.
"उणे दोनला चोथ्यासारखा दबतो, मुका.
उणे बाराला करकरतो, नव्या चामड्यासारखा.
मला वाटायचं, वय झालं,
पावलं हलकी पडायला लागली.
तर पावलं होती तिथंच."

मग माझ्याकडे नाही, सरळ भिंगाकडे बघत:
"एल्डब्यर्ग शेवटी शेवटी फार हळू बोलायची.
मी हो ला हो करायचो.
कशाकशाला हो म्हणालोय, देव जाणे.
यंत्र आलं ऑक्टोबरात.
ती सप्टेंबरात."

मी डोक्यावरची रजई खाली ओढली.

कंपनीतून मरेटेचं उत्तर: सुंदर! नव्वद सेकंदांत बसवा.
बायकोचं तेवढं काढा, गिऱ्हाईक उदास होतं.
काढलं. मलाही घरभाडं आहे.
बर्फ ठेवला, करकर ठेवली,
"पावलं होती तिथंच" वर शेवट
आणि खाली निळा लोगो.
फक्त त्या वाक्यानंतर त्यानं घेतलेला श्वास
माझ्याच्यानं कापवला नाही.
अर्धा सेकंद. कुणाला दिसायचा नाही.
हेडफोन लावून बसलेल्या एखाद्याला कळेल
की हा माणूस पुढं काहीतरी बोलणार होता.

त्या रात्री उशिरा निरोप आला:
"बंदरावर निघालो तर किल्ल्या कुठं सापडेनात.
सापडल्या. गार लागल्या हाताला.
फ्रीज सुरू केला, आणि कोट घालूनच
जरा वेळ त्याच्यापुढे उभा राहिलो.
नेमकं काय बोलतो, अजून उमगत नाही.
पण आता उगाच हो म्हणत नाही मी.
विचारतो,
काय म्हणालीस?"