नमुना क्रमांक सदतीस

सायकच्या पठारावर गाडी थांबते
तेव्हा कानात दडे बसलेले असतात.
नासिर म्हणतो, दोन हजार मीटर. मी लिहून घेते.
मग गिरमिट, स्पिरिट, काडेपेटी;
चमचा ज्योतीत धरायचा, निववायचा,
दहा सेंटिमीटर खालची माती पिशवीत,
पिशवी बर्फात.
माझं बोटसुद्धा लागता कामा नये तिला.

खाली निझवापासून इथवर
दर शंभर मीटर चढाला एक खूण:
बाभळीखाली, बोरीखाली, रानऑलिव्हखाली,
आणि वर, जुनिपरच्या वाळक्या सावलीत.
चिमूटभर मातीत कोटी कोटी जीव,
त्यांनाही म्हणे उंची कळते.
थंडी वाढली की काही कुळं मागे राहतात,
जशी घाट चढताना बोली बदलते
पाटी न लावता.

नकाशा तसाच रंगत गेला.
तळाला निळा, मध्ये हिरवा, माथ्याला पिवळा.
फक्त सदतीस हट्टी.
उंची एकोणीसशे, रंग निळा.

डॉक्टर शेरीन म्हणाल्या,
पिशव्यांची अदलाबदल झाली असेल. वगळ.
मी दोनदा जाऊन पुन्हा खणलं.
दोनदा निळाच.

तिसऱ्या खेपेला बांधावर खल्फान होते,
टाकीच्या भोकातला फडक्याचा बोळा काढून
डाळिंबांना फलजचं पाणी सोडत.
नासिरने विचारलं. बराच वेळ ते दोघंच बोलले.
मग मला कळलं ते एवढंच:
इथे नुसता कातळ होता.
त्यांच्या पणजोबांनी खालच्या वादीतून माती आणली,
गाढवांवरून, सात हिवाळे.
एक गाढव दरीत गेलं.
त्याचं नाव घरात अजून घेतात.

मी तिथेच बसले.
अकरा वर्षांपूर्वी मिरजेहून निघताना
आत्याने स्टीलच्या डबीत विरजण दिलं होतं,
झाकणाला कणकेची कड लावून.
विमानतळावर कुणी उघडून पाहिलं नाही.
रोज रात्री त्याचंच थोडं उद्याच्या दुधाला.
आज डब्यात दहीभात होता.

खल्फान वाकले, पाण्याशेजारची ओली माती
उघड्या हाताने उचलून
माझ्या तळव्यावर ठेवली.
नमुना म्हणून आता ती निकामी.
मी मूठ मिटली.

सदतीस तसाच ठेवला, निळा.
शेऱ्याचा रकाना अरुंद होता,
लिहिलं:
गाढवांवरून.