आज बोट नाही

एव्दिलोसच्या धक्क्यावर तिकीटवाल्यानं खिडकी लावून घेतली,
काचेआडून एक बोट हलवलं: बोट नाही.
उद्या? त्यानं नुसते खांदे उडवले.
वारा असा, की माझ्या तोंडात माझेच केस
आणि तुझ्या तोंडात तुझी नेहमीची शिवी, तीही अर्धीच.
सकाळी पिरेअसला तुझी पाळी होती, माझी दातांच्या डॉक्टरची वेळ,
आणि दोघांत मिळून एक विषय,
जो बोटीत बोलायचा ठरला होता.

कॉफीच्या दुकानात कल्लिरोई कप विसळत होती.
"बसून काय करणार? भावाची पिकअप न्या.
फक्त जाता जाता ही गादी कार्किनाग्रीला टाका,
पान्देलीकडे."
जाता जाता! बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला.
सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीवर तिनं नखानं रस्ता ओढला,
एक वळण जास्त झालं म्हणून अंगठ्यानं पुसलं.
डोंगरानं ते पुसलेलं नव्हतं.

दुसरा गिअर हातानं धरून ठेवावा लागतो,
गर्दीत पोराचं मनगट धरावं तसा.
माझ्या बाजूचं दार उघडत नाही.
उतरायचं तर तुझ्या मांडीवरून.
एकोणीस वर्षांत इतक्यांदा
मी तुला ओलांडलं नव्हतं, अर्गिरी.
एकदा लघवीला, एकदा रस्त्यात बसलेल्या बकऱ्या उठवायला,
एकदा उगाच.

राखेसला भर दुपारी सगळं बंद.
बाकावरची म्हातारी म्हणाली, दार लोटा, पाव घ्या,
पैसे डब्यात टाका.
सुटे नव्हते. मग परत याल तेव्हा, म्हणाली,
जणू आपण रोज याच रस्त्यानं जातो.

पेझीच्या पठारावर पेट्रोल संपलं.
काटा सकाळपासून अर्ध्यावर होता,
तो कायमच अर्ध्यावर असतो हे कल्लिरोई सांगायला विसरली.
हत्तीएवढे दगड, त्यांच्यामधून वारा,
आणि एकही दिवा नाही.
मग आपण मागे चढलो, दुसऱ्याच्या गादीवर.
दुकानाचं प्लास्टिक अजून तसंच होतं,
कूस बदलली की तीच आधी बोलायची.
"आता बोलायचं का तो विषय?" तू विचारलंस.
"काय?" मी म्हणाले.
मला ऐकू आलं होतं.
ताडपत्रीचं टोक तू रात्रभर मुठीत धरलंस.
पहाटे पाहिलं, मूठ उघडत नव्हती,
एकेक बोट मी सोडवलं.

सकाळी एक मधवाला आला, डब्यानं पेट्रोल ओतलं.
आपली नावं नाही विचारली, गादी कुणाची ते विचारलं.
"पान्देलीची."
"डबल?"
तो हसला नाही. टोपी काढली, डोकं खाजवलं,
पुन्हा घातली.

पान्देली बहात्तर वर्षांचा, एकटा,
इस्त्रीच्या घड्या अजून न मोडलेल्या शर्टात.
गादी उतरवली. त्यानं दोन्ही तळहात टेकवून
हळूहळू दाबून पाहिली, थांबला.
"झोपलात?"
माझे कान तापले. तू बुटांकडे बघत होतास.
"नाही, बरं झालं," तो म्हणाला. "मला एक सांगा,
कोण कुठल्या बाजूला होतं?
मला ठरवायचंय."
तू म्हणालास, ही भिंतीकडे.
मी म्हणाले, भिंत कुठे होती?

त्यानं अंगणात मासे तळायला घेतले.
वारा पडला होता, कधी ते लक्षात आलं नाही.
खूप लांबून एक पांढरी बोट गेली,
आपली असेल, नसेल.
टेबलावर चार ताटल्या मांडल्या होत्या.
चौथीकडे आपण तिघंही बघत नव्हतो,
तेवढ्यात खालच्या पायवाटेवर कुणीतरी खोकलं,
आणि पान्देलीनं कढईखालचा जाळ उगाचच
कमी केला,
मग पुन्हा वाढवला.