विषाची परीक्षा

कास्काव्हेल म्हणतात तिला आमच्याकडे,
म्हणजे घुंगरू.
शेपटीच्या टोकाला सुकलेल्या कातडीची कडी अडकलेली कडीत,
तान्ह्या पोराच्या हातात द्यावा
असा खुळखुळा.

बावीस वर्षं मी तिचं तोंड उघडते आहे.
जबड्यामागे दोन बोटं, वर अंगठा, फार दाबायचा नाही.
पेल्यावर ताणलेल्या पातळ रबरातून
दात आरपार जातात
आणि काचेवरून ओघळतो पिवळट थेंब,
मग दुसरा, कधी तिसरा.
वाळवला की साखर वाटावी.
ऊसतोड्याच्या पोरीला
दुसरं काय वाटणार?

बाबांना चावली ती सेर्तांवझिन्योच्या मळ्यात,
डब्यातला भात खायच्या आधी.
मुंगी चावल्यागत, म्हणाले,
आणि दुखत नव्हतं म्हणून
उरलेल्या तीन ओळी तोडून काढल्या.
पैसे टनावर मिळायचे.
संध्याकाळी पापण्या उतरल्या त्यांच्या,
शटर अर्ध्यावर अडकावं तशा.
आई म्हणाली, प्यायलास का रे, जुवेनाल?
मला म्हणाले, झेनाइदे, तू एकटीच आहेस ना दारात?
तिसऱ्या दिवशी लघवी
काळ्या कॉफीच्या रंगाची.

दुखलं असतं
तर दुपारीच बोंबलत आले असते.

आता त्याच न दुखण्यावर
आमच्या संस्थेत
दोन कुलपांच्या आड काम चालतं.
डॉक्टर मियाशिरो विषातून एक धागा सोडवतात,
चौदा मण्यांची माळ, तेवढीच.
श्वास अडवणारं बाजूला,
मूत्रपिंड नासवणारं बाजूला.
उंदराच्या सुजल्या पंजावर वजन वाढवत न्यायचं,
पंजा कधी ओढून घेतो
तो आकडा मी वहीत लिहिते.
माळ पोटात गेलेला उंदीर उशिरा ओढतो.
दुसऱ्या दिवशीही उशिरा.

मग माणसाला?
माणसाला अजून नाही, झेनाइदे.
हे 'अजून' मी सोळा वर्षं ऐकते आहे.
तक्रार नाही.
गरगरतंय, मळमळतंय,
असं उंदीर सांगत नाही.
यकृताला काय झालं ते त्याला विचारता येत नाही,
चिरून बघावं लागतं.
विषाची परीक्षा घेऊ नये म्हणतात,
मला पगारच त्याचा मिळतो.

आईचं दुखणं आता हाडात उतरलंय.
काल रात्री, मॉर्फीनच्या दोन वेळांमधल्या
त्या लांबलचक तासात,
तिने माझं मनगट धरलं.
कोयत्याचे घट्टे अजून आहेत तिच्या तळव्याला.
"तुझ्या बापाला दुखलं नव्हतं ना?
मग त्यातला थेंबभर आण.
डब्यात लपवून आण, कोण बघतंय?"

मी तिला मणी समजावले,
चादरीवर बोटाने मोजून दाखवले.
थेंब म्हणजे माळ नव्हे, आई,
थेंबात बाबांच्या पापण्या आहेत,
ती कॉफी आहे.

"मग माळ आण."

माळेची खात्री नाही अजून.
दहा वर्षं घेतली तर काय होईल,
ठाऊक नाही कुणाला.

ती हसली. तोंडात दात नाहीत, तरी हसली.
"दहा वर्षं," म्हणाली.
"द मला तुझी ती दहा वर्षं."

यावर वहीत काही लिहिलेलं नाही.

सकाळी चादर बदलताना
भिंतीवरच्या व्हिओलाला माझं कोपर लागलं.
बाबांची ती.
आमच्याकडचे वाजवणारे तिच्या पोटात
सापाचा खुळखुळा टाकतात,
आवाज गोड येतो म्हणतात.
दहा तारा गप्प राहिल्या.
आतून तेवढं खुळखुळलं.

आईने डोळे उघडले,
दाराकडे बघितलं.
"आणलंस?"