उचललेला हात

उम्म अल क्वैनच्या बाहेर, उंटांच्या गोठ्यांपलीकडे
आमचं केनेल: पत्र्याचं छप्पर, चोवीस खोल्या, चोवीस एसी.
गारवा आधी कुत्र्यांना, मग आम्हाला.
तक्रार नाही, करारच तसा आहे.

लुबान आली तेव्हा तिच्या कानाला चिमटीएवढी खाच होती.
सलुकी म्हणावी तर पाय आखूड,
वाळवंटातली म्हणावी तर डोळ्यांना घराची सवय.
मी घाम पुसायला हात वर केला
आणि ती बसल्या जागी मुतली.

रूडोबाई झिंबाब्वेची. कमरेला पिशवी,
पिशवीत उकडलेली कोंबडी, नखाएवढे तुकडे.
म्हणाली, फरशी पूस. तोंडातून शब्द काढू नकोस.
आता हात वर कर. एवढाच, गुडघ्यापर्यंत.
टिक. तुकडा.
पुन्हा. टिक. तुकडा.
ती बरोबर करते तेवढंच बघ,
चुकलेलं बघायला जग बसलंय.

मी मनात हसलो. आमच्याकडे
कुत्र्याचं शेपूट बारा वर्षं नळीत घालतात,
तरी वाकडंच राहतं,
मग नळीच उगारतात.

गुडघ्यापासून कमरेपर्यंत यायला नऊ दिवस.
जून होता, पहाटे साडेचारलाच बाहेर काढायचं,
आधी डांबरावर माझा पालथा हात, सात आकडे मोजायचे,
मला सोसलं तर तिचे पंजे.
कमरेपासून खांद्यापर्यंत सतरा दिवस.
मध्येच बिजॉयच्या हातून बादली आपटली,
पुन्हा गुडघ्यापासून.
पायरी उंच झाली असेल तर बांधणाऱ्याची चूक,
रूडोबाई म्हणाली, आणि पिशवी झटकून घरी गेली.

ऑगस्टात मी हात पार डोक्यावर नेला.
लुबानने मान वर करून बोटांकडे पाहिलं,
जांभळाखाली उभी पोरं पाहतात तसं.
टिक करायचंच विसरलो.

त्या शुक्रवारी कुडाळहून फोन.
दुर्वांक, आठ वर्षांचा, गणिताची वही कॅमेऱ्याला चिकटवून.
बत्तीस भागिले आठ, उत्तर सहा.
मी काही म्हणालो नाही. खरंच काही नाही.
फक्त चष्मा वर सारायला हात उचलला.
त्याने कोपर डोक्यावर घेतलं.

मध्ये अख्खा समुद्र. काचेत मी चार इंचांचा.
तरी कोपर.

दोन वर्षांपूर्वीच्या रजेतली एकच दुपार,
असं मी स्वतःला सांगत आलोय.
एकच होती का, हे मोजायला
कधी बसलो नाही.

हात हळूच खाली नेला. गुडघ्यापर्यंत.
म्हटलं, "वरची तीन बरोबर आहेत. पहिलं वाच."
त्याने वाचलं. कोपर अजून कानाशी.
"हो," म्हटलं. टिक कुठून आणू,
तुकडा कसा पाठवू.
"दुसरं वाच."

रजेला अजून सात महिने.
लुबानला शारजातल्या एका बाईंनी घेतलंय,
येत्या रविवारी नेतील.
त्यांच्यासाठी कागदावर लिहून ठेवलं:
हात आधी गुडघ्यापर्यंत. घाई नको.
दचकली तर रागावू नका, स्वतःवरसुद्धा.
बादली जपून.

ऑफिसातल्या मशीनवर दोन झेरॉक्स काढल्या.
एक फाइलला. पासपोर्ट कंपनीकडे असतो,
म्हणून दुसरी घडी करून
चष्म्याच्या डबीत.