बरणी क्रमांक सतरा

मे महिना. पारा सेहेचाळिसाच्या वर.
कूलरच्या वाळ्यावर मगभर पाणी मारत
परातेभाऊ विचारतात,
"मॅडम, समुद्र काढू का बाहेर?"

समुद्र म्हणजे एवढाच:
वीतभर लांब, वीतभर रुंद,
मिऱ्याच्या कातळावरून भर ओहोटीत
उलथण्यानं खरवडलेला शिनाण्यांचा लगदा.
अल्कोहोलात बुडून, दोन गाड्या बदलून
माझ्या मांडीवर बसून तो नागपूरला आला.
समोरच्या बर्थवरच्या काकू
शेगाव येईस्तोवर नाकावर पदर धरून होत्या.

चाळणीत ओतते. चिमट्यानं उकलते.
एकशे बारा शिनाणे, हिरव्या कडांचे,
आणि प्रत्येकाच्या पोटाखालून निघालेले तपकिरी दोरे
कातळाला, शेजाऱ्याला, शेजाऱ्याच्या शेजाऱ्याला.
दोऱ्यांत अडकलेली वाळू. वाळूत अडकलेली ओल.
त्या ओलीवर बाकीचं गाव.

तिळाएवढे कुबडे, तीनशे चाळीस, मग मोजणं चुकलं.
केसाळ अळ्या, काही स्वतःच्याच नळीत.
शिंपल्यांच्या पाठीवर चुनखडी शंकूंची वस्ती,
त्यातल्या एका रिकाम्या शंकूत
कुणाची तरी अंडी.
पाच हातांचा तारा, दोन हात नसलेला.
वाटाण्याएवढी खेकडी, जिवंत शिंपल्याच्या आतच राहणारी,
भाडं न देता.
फितीसारखं एक काहीतरी. पुस्तकं चाळली. नाव नाही.

उघड्या कातळावर यातलं एकही
एक दुपार टिकलं नसतं.

नागपुरात ओहोटी साधारण अकराला लागते.
अमरावती रोड कोरडा पडतो,
डांबर चपलेला धरून ठेवतं.
दोनपर्यंत आमच्या कूलरसमोरच्या पॅसेजमध्ये
वनस्पतिशास्त्राचा शिपाई,
बर्फ संपलेला रसवंतीवाला,
परीक्षेची दोन पोरं, छातीवर पालथी पुस्तकं,
आणि तांबडी कुत्री, जिला कुणी हाकलत नाही.
मी त्यांनाही मोजते. सवयीनं.

परातेभाऊंना सूक्ष्मदर्शकातून दाखवते.
त्यांचा बाप गोळीबार चौकातला विणकर,
त्याच्या नऊवारीच्या काठाला नाव होतं.
मी मनात वाक्य तयार ठेवलेलं:
बघा, इथंही माग आहे.
ते बराच वेळ एक डोळा मिटून पाहतात.
"हा ताणा नाही," म्हणतात.
"ताणा असा येडावाकडा लावला असता
तं बापानं हाणलं असतं मले.
हे नुसतं धरून ठेवणं हाय."

मग बटण फिरवत, मी न विचारताच:
"माग विकला. खड्डा रायला घरात,
पाय सोडून बसाचा तो. बुजवाले पैसे नव्हते.
आई कांदे ठेवे त्यात.
यंदा मांजर व्याली."

मी एक रिकामा शिंपला उचलते.
आतला जीव कधीच गेलेला, दोरे मात्र तसेच घट्ट.
झडपांच्या फटीत चार कुबडे,
एक तर पोटाशी पिल्लं घेऊन.
यांची नोंद वेगळ्या रकान्यात करायची असते.
तो रकाना मी आजवर कोराच सोडत होते.

पाचपर्यंत सगळे कुप्यांत. अळ्या एकीत, कुबडे एकीत,
तारा एकटा.
"यायले पुन्हा संगं ठेवता येईन का?"
"नाही. मग मोजता येत नाही."
"हाव," म्हणतात परातेभाऊ, आणि झाकणं लावतात
गरजेपेक्षा घट्ट.

बरणीच्या तळाशी चिमूटभर वाळू उरते.
टाकायची असते. टाकली नाही.
बाहेर रस्त्याला भरती, पॅसेज रिकामा.
फरशीवर कुत्रीच्या आकाराची ओल,
आणि तिच्या काठाकाठानं
मुंग्या यायला लागलेल्या.