डावा हात

उमरेडच्या खाणीवर अकरा वर्षं टिपर चालवला.
कोळसा कधी म्हणाला नाही,
'भाऊ, जरा पुढच्या गल्लीपाशी थांबवा.'
सुटे पैसे मागितले नाहीत त्यानं,
खिडकीवरून भांडला नाही,
झोप लागून पुढच्या स्टॉपला जाऊन
माझ्यावर ओरडलाही नाही.

आता बर्डी ते हिंगणा.
खाकी शर्ट अजून कडक आहे, कॉलर मानेला टोचते.
ही बस बॅटरीची.
क्लच नाही, गिअर नाही, गुरगुरणं नाही.
डावा पाय उगाच बसलेला,
आणि डावा हात मधूनच हवेत जातो,
नव्या खोलीत अंधारात
जुन्या घरातलं बटण चाचपावं तसा.

'काय शोधून राह्यले हो?' कुंदाबाई विचारतात.
कंडक्टर आहेत. सात वर्षं झाली त्यांना या रूटवर.
'काही नाही.'
'सापडलं तं सांगजा.'

ढोक साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं:
घड्याळ पाहा, आरसा पाहा,
आणि कोणाच्या तोंडी लागू नका.
घड्याळ डॅशबोर्डवर आहे, चार मिनिटं पुढं.
आरशात सगळं शहर उलटं, मागं मागं जाणारं.
डोक्यावरून मेट्रो थंडगार निघून जाते,
तिच्या खांबांच्या सावल्या
मी एकेक करून कापतो.

मे महिना.
दुपारी दोनला शंकरनगरला नुसते डोळे चढतात,
बाकी सगळं दुपट्ट्यात.
डोळ्यांवरूनच ओळखू लागलोय आता:
हे नर्सिंगच्या पोरीचे,
हे कुरिअरवाल्याचे,
हे रोज भांडणारे.

आठव्या दिवशी, शेवटची फेरी.
वानाडोंगरीच्या स्टॉपवर कोणी नव्हतं.
मागून टिंग टिंग.
डबल बेल झाली की ड्रायव्हरनं विचार करायचा नसतो.
मी निघालो.
मग आरशात दिसली,
कॉलेजच्या मेसकडून धावत येणारी बाई.
एका हातात डबा.
एक चप्पल पायात, एक दुसऱ्या हातात.
बस इतकी मुकाट की तिला वाटलं असेल
अजून उभीच आहे.
ती लहान होत गेली.
टिपरच्या आरशात फक्त धूळ लहान व्हायची.

त्या रात्री जेवताना बायको म्हणाली,
'मीठ कमी झालं का?'
मी म्हटलं, नाही.

दुसऱ्या रात्रीपासून वानाडोंगरीला थांबतो.
कोणी नसलं तरी. वीस आकडे मोजतो.
कुंदाबाई बेल वाजवतात. मी मोजतो.
'काऊन थांबले बाप्पा? भूत चढणार हाय का?'
ढोक साहेबांच्या कॉम्प्युटरवर तेही उमटलं:
गाडी उभी, प्रवासी शून्य, कारण लिहा.
मी लिहिलं, 'कुत्रं आडवं आलं.'
तीन दिवस तेच कुत्रं आडवं आलं.

चौथ्या रात्री सतरा झाले होते
तेव्हा ती आली.
दोन्ही चप्पला पायात, तरी धापा टाकत.
पायरी उंच. तिनं खालूनच डबा पुढं केला,
'धर गा जरा,'
आणि दांडीला धरून चढली.

बसली माझ्या मागच्याच सीटवर,
आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली,
'तू बरा थांबला बाबू.
त्या दिवशी एक मेला होता,
थांबलाच नाही!
हिंगण्यापर्यंत पायी गेली मी.'

कुंदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.
बेलच्या बटणावरचं बोट तसंच राहिलं.

'नवीन असन,' मी म्हणालो.

'नवीन असो का जुना,
डोये तं असते ना मानसाले?'

'हो मावशी.'

समोर रस्ता, पिवळे दिवे,
कुठंच आडवं न आलेलं कुत्रं कडेला निजलेलं.
कुंदाबाईंनी बेल दिली, जरा हळू.
मी निघालो.
पुढच्या वळणावर ध्यानात आलं,
डबा अजून माझ्या मांडीवर होता,
पोळ्यांचा, कोमट,
आणि डावा हात त्याच्यावर.